नाव बदलण्याआधी जुन्या नावाचा हिशेब

आमच्या धर्मशिक्षणाच्या महाविद्यालयाचं नाव बदलायचा विषय नियामक मंडळापुढे पहिल्यांदा आला, तेव्हा अध्यापकांच्या वतीनं बसलेल्या वयोवृद्ध गुरुजींनी एकच प्रश्न विचारला. "वर्धापनदिनाच्या पूजेत संकल्प सोडताना मी कुठलं नाव उच्चारायचं?" टेबलावर वकिलांनी दिलेली कामांची यादी होती, जाहिरात संस्थेनं आणलेले तीन रंगीत नमुने होते. या प्रश्नाचं उत्तर मात्र कुणाकडेच नव्हतं. मी तेव्हा संस्थेचा कार्यवाह होतो. पुढची दीड वर्षं जे जे केलं, ते सगळं त्या प्रश्नाभोवती फिरलं.

धर्मशिक्षण देणाऱ्या संस्थेच्या नावानं लोकांनी दान दिलेलं असतं, मृत्युपत्रं केलेली असतात, दीक्षा घेतलेली असते, घरातला मुलगा तिच्या हवाली केलेला असतो. त्या सगळ्यांना दिलेला शब्द नवं नाव पाळणार आहे का, हे आधी ठरवायचं. वकील, विद्यापीठ आणि चित्रकार त्यानंतर. हा क्रम उलटा लागला की काय होतं ते मी जवळून पाहिलंय, म्हणून इतक्या तपशिलात लिहितोय. संस्था वेदपाठशाळा असो, सेमिनरी (ख्रिस्ती धर्मगुरू घडवणारी शाळा) असो, मदरसा असो की पाली आणि बौद्ध अध्ययनाचं महाविद्यालय, बहुतेक पायऱ्या सारख्याच आहेत.

पहिली पायरी : कारण एका पानावर लिहा

नाव का बदलतोय, हे साध्या मराठीत एका पानावर लिहून काढा. शब्द असे हवेत की वसतिगृहाच्या स्वयंपाकघरात काम करणाऱ्या मावशींनाही ते वाचून पटेल. हे पान पुढे ठरावाला लागतं, विद्यापीठाच्या प्रस्तावाला लागतं आणि माजी विद्यार्थ्यांच्या पत्रातही तेच जातं. तिन्हीकडे वेगवेगळी कारणं सांगितली की लोकांना पहिल्या दिवसापासून शंका येते.

पुण्याला हा विषय नवा नाही. १८२१ साली विश्रामबागवाड्यात, पेशवे विद्वानांना देत त्या दक्षिणेच्या पैशातून शास्त्रं शिकवण्यासाठी हिंदू कॉलेज सुरू झालं. १८५१ मध्ये त्यात इंग्रजी शाळा विलीन झाली आणि ते पूना कॉलेज झालं. १८६४ मध्ये त्याचं डेक्कन कॉलेज झालं आणि १८६८ मध्ये ते येरवड्याच्या नव्या इमारतीत गेलं. प्रत्येक नावाच्या मागे काहीतरी खरोखर बदललेलं दिसतं. आधी शिकवणं बदललं, मग आवाका बदलला, मग जागा. औंधच्या स्पायसरचंही तसंच. १९१५ साली कोइमतूरला सुरू झालेली अ‍ॅडव्हेंटिस्ट या ख्रिस्ती पंथाची प्रशिक्षण शाळा १९४२ मध्ये पुण्यात आली, स्पायसर मेमोरियल कॉलेज म्हणून नावारूपाला आली आणि २०१४ मध्ये राज्याच्या कायद्यानं तिचं विद्यापीठ झालं. नगर रस्त्यावरची कॅथलिक धर्मविद्येची संस्था १९५५ मध्ये श्रीलंकेतल्या कँडीहून इथे आली आणि १९७२ मध्ये तिनं 'ज्ञानदीप विद्यापीठ' हे नाव घेतलं. रोमशी नातं असलेल्या संस्थेनं आपल्या मातीतला शब्द घेतला. आपण कुठे आणि कुणासाठी शिकवतो याबद्दलची तिची समज त्या एका शब्दात आली.

तुमच्या पानावर असं काही लिहिता येत असेल तर पुढे जा. अभ्यासक्रम वाढला, पदवीची संलग्नता मिळाली, दोन संस्था एक झाल्या, मुली शिकायला आल्या आणि 'ब्रह्मचारी विद्यालय' हे नाव खोटं ठरलं, ही खरी कारणं. 'प्रवेश कमी होताहेत' एवढंच कारण असेल तर माझा स्पष्ट सल्ला आहे : थांबा. वसतिगृहाचं जेवण, अध्यापकांचे पगार आणि शिकून बाहेर पडलेल्याला पुढे काय मिळतं, या तीन गोष्टींवर तोच पैसा घाला. नव्या पाटीमुळे पहिल्या वर्षी चौकशीचे फोन वाढतात. प्रवेश तेवढ्यानं वाढत नाहीत.

दुसरी पायरी : नाव कुणाचं बदलतंय?

हा प्रश्न पहिल्याच बैठकीत सोडवला तर पुढची निम्मी कामं वाचतात. संस्था वेगळी, महाविद्यालय वेगळं. संस्था म्हणजे धर्मादाय आयुक्तांकडे नोंदलेला विश्वस्त न्यास किंवा सोसायटी. जमीन, बँकेतल्या ठेवी, पॅन, करसवलत आणि परदेशी देणगीचा परवाना हे सगळं तिच्या नावावर असतं. महाविद्यालय हा तिनं चालवलेला एक उपक्रम. संस्थेचं नाव तसंच ठेवून फक्त महाविद्यालयाचं नाव बदललं, तर आयकर, परदेशी देणगी, मिळकत पत्रिका, भविष्यनिर्वाह निधी यांतल्या बहुतेक नोंदींना हात लावावा लागत नाही. आम्ही हाच मार्ग घेतला. गुरुजींच्या प्रश्नाचं अर्धं उत्तरही इथेच मिळालं : संकल्पात संस्थेचं नाव, आणि ते बदलत नव्हतं.

दोन्ही नावं बदलणं अटळ असेल, तर एका वर्षात दोन्ही करू नका. आधी संस्था, ती कागदोपत्री पूर्ण झाल्यावर महाविद्यालय. दोन्ही अर्ज एकदम फिरू लागले की प्रत्येक कचेरी दुसऱ्या कचेरीचं पत्र मागते आणि फाइल गोल फिरत राहते.

तिसरी पायरी : दप्तर उघडा

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. कपाटातले सगळे जुने कागद बाहेर काढा : संस्थेची घटना आणि नियमावली, नोंदणीचा दाखला, दानपत्रं, मृत्युपत्रांच्या प्रती, कायम ठेवींचे करार, शिष्यवृत्तीच्या अटी, जागेचे कागद, संलग्नतेची पत्रं. प्रत्येक कागदावर एकच गोष्ट शोधायची : नावाबद्दल काही अट आहे का?

आमच्याकडे तांबड्या फडक्यात बांधलेलं एक दानपत्र निघालं. एका विधवा बाईंनी पेठेतला आपला दुमजली वाडा पाठशाळेला दिला होता. अर्धा मजकूर मोडीत होता. भारत इतिहास संशोधक मंडळात मोडी शिकलेल्या एका निवृत्त शिक्षकांना बोलावलं. त्यांनी भिंग घेऊन सावकाश वाचलं. शेवटच्या चार ओळींत लिहिलं होतं, की यजमानांचं नाव दरवाज्यावर राहावं आणि त्यांच्या तिथीला विद्यार्थ्यांना भोजन घालावं. भोजन पंचवीस-तीस वर्षांपूर्वी कधीतरी बंद पडलं होतं. नावाची छोटी संगमरवरी पाटी जिन्याखाली सायकलींच्या मागे उभी होती. नव्या नावाची चर्चा त्या दिवशी आम्ही थांबवली. आधी ती पाटी स्वच्छ करून दरवाज्यावर लावली आणि त्या वर्षीच्या तिथीला भोजन घातलं. त्यानंतर जुन्या मंडळींचा आवाज बदलला. आम्ही विसरणारे लोक नाही, हे त्यांना दिसलं.

असे कागद निघाले की तीन ढीग करा. पहिल्यात नावाची कायदेशीर अट असलेले. हे वकिलांकडे द्यायचे आणि त्यांचं लेखी मत येईपर्यंत ठराव मांडायचा नाही. दुसऱ्यात अट नाही पण भावना आहे असे. तिथे देणगीदाराच्या घरी जाऊन बोलायचं. तिसरे निव्वळ नोंदींचे. प्रत्येक ढिगाची यादी वहीत लिहा आणि त्यावर दोन विश्वस्तांच्या सह्या घ्या. आणखी एक तपासा. घटनेत संस्थेचे उद्देश कोणत्या शब्दांत आहेत? नव्या नावात 'भारतीय विद्या' येतंय आणि उद्देशात फक्त 'वेदाध्ययन' असेल, तर प्रश्न नावापुरता राहत नाही, उद्देश बदलावा लागतो. १८६०च्या सोसायटी नोंदणी कायद्याच्या कलम १२ प्रमाणे त्यासाठी प्रस्ताव दहा दिवस आधी सभासदांना पाठवावा लागतो, विशेष सभेत तीन पंचमांश मतं लागतात आणि महिन्यानंतरच्या दुसऱ्या विशेष सभेत तेवढ्याच मतांनी तो पुन्हा मंजूर व्हावा लागतो. घाईत ही दुसरी सभा विसरली जाते. मग वर्षभरानं कुणीतरी हरकत घेतं आणि सगळं मुळापासून करावं लागतं.

चौथी पायरी : आधी कुणाशी बोलायचं

बातमी बाहेरून कळली की माणूस दुखावतो, आणि पुण्यात बातमी संध्याकाळपर्यंत कट्ट्यावर पोचते. म्हणून क्रम ठरवा. आधी परंपरेतले अधिकारी : संप्रदायाचे प्रमुख, बिशप, मठाधिपती, जमातीतले वडीलधारे. मग निवृत्त अध्यापक, त्यांच्या घरी जाऊन. मग मोठे आणि जुने देणगीदार, नंतर आजचे अध्यापक आणि शिपाई-कारकून, मग विद्यार्थी आणि पालक, शेवटी माजी विद्यार्थी आणि शेजारपाजार. शिपायांना विद्यार्थ्यांच्या आधी सांगा. फाटकावर पहिला प्रश्न त्यांनाच विचारला जातो.

निवृत्त अध्यापकांकडे जाताना नाव ठरवून जाऊ नका. कारणाचं पान द्या आणि ऐका. मी अशा अकरा घरी गेलो. एका ठिकाणी आजी म्हणाल्या, "यांनी चाळीस वर्षं त्या नावाखाली शिकवलं. आता यांच्या फोटोखाली काय लिहू?" मी वहीत हा प्रश्न लिहून घेतला. मंडळानं पुढे स्वतंत्र ठराव केला : ज्यांनी जुन्या नावाखाली सेवा केली त्यांच्या गौरवपत्रांत, फोटोंखाली आणि निधनवार्तांमध्ये जुनंच नाव येईल. हा ठराव चार ओळींचा होता. विरोध करणाऱ्या निम्म्या लोकांचं समाधान त्यानं झालं.

शब्दांबद्दलही जपा. महाराष्ट्रात 'नामांतर' हा शब्द साधा राहिलेला नाही. मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव देण्याचा ठराव १९७८ मध्ये विधिमंडळानं केला आणि ते प्रत्यक्षात यायला १४ जानेवारी १९९४ उजाडलं. मधल्या काळात माणसांनी घरं आणि जीव गमावले. तो मानवी हक्काचा लढा होता. आपल्या पाटीच्या बदलाला तो शब्द सहज लावू नये, असं मला मनापासून वाटतं. 'नावात बदल' म्हणा. त्या वेळी रूढ झालेल्या 'नामविस्तार' या शब्दात मात्र एक वाट आहे : जुनं नाव पोटात ठेवून नवं नाव घेणं. पुणे विद्यापीठ २०१४ मध्ये सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ झालं, तेव्हा 'पुणे विद्यापीठ' हे दोन शब्द जागेवरच राहिले. तुमचं जुनं नाव कुणाला अपमानकारक नसेल, तर त्यातला एक तरी शब्द राखा.

पाचवी पायरी : नाव निवडणं

समितीत पाच माणसं पुरेत. त्यात एक भाषा जाणणारा, एक आजचा विद्यार्थी आणि एक असा माणूस ठेवा ज्याचा संस्थेशी रोजचा संबंध नाही. स्पर्धा घेऊन लोकांकडून नावं मागवू नका. तीनशे नावं येतात आणि दोनशे नव्व्याण्णव लोक नाराज होतात.

नाव निवडताना ही गोष्ट विसरू नका की पुणेकर लांब नाव उच्चारत नाहीत. १९१६ साली न्यू पूना कॉलेज म्हणून सुरू झालेल्या महाविद्यालयाचं नाव सर परशुरामभाऊ महाविद्यालय झालं आणि टिळक रस्त्यावर कुणालाही विचारलं तर ते 'एस.पी.' आहे. चौकाला आचार्य आनंदऋषीजींचं नाव दिलं तरी रिक्षावाला 'विद्यापीठ चौक' म्हटल्यावरच वळतो. म्हणून पूर्ण नावाबरोबर त्याचं आखूड रूपही तुम्हीच ठरवा. आद्याक्षरं मराठीत आणि इंग्रजीत मोठ्यानं म्हणून बघा. ती दुसऱ्या महाविद्यालयाची, रोगाची किंवा पक्षाची होत नाहीत ना? फोनवर खराब आवाजात नाव सांगून पलीकडच्याला लिहायला लावा. आमच्या यादीतलं 'तत्त्व' असलेलं नाव इथेच गळलं. दहापैकी सात जणांनी एकच त लिहिला. आयुष्यभर प्रत्येक धनादेशावर चूक होणार असेल तर ते नाव चांगलं असूनही घेऊ नये. इंग्रजी स्पेलिंग एकच ठरवून ठरावात लिहा. 'ज्ञान'ची स्पेलिंगं चार प्रकारे होतात आणि पासपोर्टच्या वेळी विद्यार्थ्याला प्रत्येक अक्षर महाग पडतं.

कायद्याच्या काही मर्यादा आहेत. 'युनिव्हर्सिटी' हा शब्द कायद्यानं स्थापन झालेल्या विद्यापीठाखेरीज कुणालाही नावात वापरता येत नाही, हे विद्यापीठ अनुदान आयोग कायदा १९५६च्या कलम २३ मध्ये आहे. अभिमत, म्हणजे विद्यापीठाचा दर्जा मिळालेल्या, संस्थांनाही तो शब्द काढायला लावण्याचे आदेश सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर नोव्हेंबर २०१७ मध्ये निघाले. इंग्रजी पाटीवर हा शब्द आला तर नसता त्रास होतो. सरकारशी संबंध असल्याचा भास होईल असे शब्द आणि राजमुद्रेसारखी चिन्हं टाळा. १९५०चा बोधचिन्हांचा कायदा त्यासाठीच आहे. नावाचा शोध ट्रेडमार्कच्या ४१व्या वर्गात घ्या, शिक्षण त्या वर्गात येतं. हवं ते संकेतस्थळ मिळतंय का तेही त्याच दिवशी पाहा. शैक्षणिक संस्थांची 'एसी डॉट इन' आणि 'ईडीयू डॉट इन' ही नावं एर्नेट इंडिया या सरकारी संस्थेकडून मिळतात, आणि त्यांना कागदपत्रं लागतात.

सहावी पायरी : ठराव आणि कचेऱ्या

ठरावात पाच गोष्टी हव्यात : जुनं नाव, नवं नाव देवनागरी आणि इंग्रजी दोन्हीत, लागू होण्याची तारीख, कारण, आणि जुन्या नावाची सगळी देणी-घेणी, प्रमाणपत्रं, करार व अटी नव्या नावाखाली तशाच चालू राहतील हे वाक्य. शेवटचं वाक्य सर्वांत महत्त्वाचं. तारीख शैक्षणिक वर्षाच्या पहिल्या दिवसाची घ्या. परीक्षा अर्ज भरायच्या काळात कधीही नको.

फक्त महाविद्यालयाचं नाव बदलत असेल तर मुख्य दार विद्यापीठाचं. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम २०१६ खालच्या सगळ्या महाविद्यालयांना संलग्नता विभागाकडे प्रस्ताव द्यावा लागतो. संस्कृत महाविद्यालय रामटेकच्या कविकुलगुरू कालिदास संस्कृत विश्वविद्यालयाशी जोडलेलं असेल तर तिकडे, सेमिनरी बंगालमधल्या सेरामपूरच्या ख्रिस्ती धर्मविद्येच्या विद्यापीठाशी जोडलेली असेल तर तिकडे. विद्यापीठाचं मान्यतेचं पत्र हातात आल्याशिवाय पाटी लावू नका, एक पत्रकही छापू नका. ते पत्र आलं की त्याच्या पंचवीस साक्षांकित प्रती करून ठेवा. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २(एफ) आणि १२(बी) यादीतलं नाव, नॅकचं मूल्यांकन, उच्च शिक्षण सर्वेक्षणाचा क्रमांक, अल्पसंख्याक दर्जाचा दाखला असेल तर तो, महाडीबीटी या राज्याच्या शिष्यवृत्ती संकेतस्थळावरची संस्थेची नोंद, सगळीकडे हेच पत्र लागतं. महाडीबीटीचं काम पहिल्या आठवड्यात करा. तिथे नाव जुनं आणि प्रवेशपावतीवर नवं असलं की शिष्यवृत्तीचा अर्ज अडकतो, आणि धर्मशिक्षणाला येणारी बरीच मुलं गरीब घरची असतात.

संस्थेचंच नाव बदलत असेल तर आधी सोसायटी नोंदणीच्या बाजूनं नावबदलाची मंजुरी घ्यायची आणि मग धर्मादाय आयुक्तांकडे कलम २२ खालचा बदल अर्ज, म्हणजे सगळे ज्याला चेंज रिपोर्ट म्हणतात तो, बदल झाल्यापासून ९० दिवसांत. (हा कायदा १९५०चा. तोही आधी 'मुंबई' होता, आता 'महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम' आहे.) आधीचे विश्वस्तबदलाचे अर्ज प्रलंबित असतील तर ते आधी निकाली काढा. जुने अर्ज पडून असताना नवा अर्ज पुढे सरकत नाही, हे मी स्वतः अनुभवलंय. त्यानंतर पॅन, करसवलतीची नोंदणी, देणगीदारांना करसवलत मिळवून देणारी मान्यता (८०जी), बँका, महापालिकेचा मिळकतकर, महावितरण, सिटी सर्व्हे. परदेशी देणगीचा परवाना असेल तर एफसी-६ए अर्ज ४५ दिवसांत भरायचा असतो. ही तारीख चुकवू नका. वक्फ मिळकत असेल तर वक्फ मंडळाकडे वेगळी नोंद.

एका माणसाला फक्त हेच काम द्या. प्राचार्यांनी हे करू नये. त्यांनी वर्गात आणि माणसांत असावं.

सातवी पायरी : विद्यार्थ्यांचे कागद

एक प्रसंग सांगतो. नाव बदलल्यावर सहा महिन्यांनी एक माजी विद्यार्थी धापा टाकत आला. सैन्यात धर्मगुरूंची भरती होते. त्यात पंडितांसाठी शास्त्री-आचार्य आणि कर्मकांडाच्या शिक्षणाची प्रमाणपत्रं तपासतात. त्याच्या प्रमाणपत्रावर जुनं नाव, आणि शोधल्यावर सापडत होतं नवं. "ही संस्था अस्तित्वात आहे का?" असं त्याला विचारलं गेलं. दुसऱ्या दिवशी कागद द्यायचे होते. आम्ही रात्री पत्र टाइप केलं, प्राचार्य सहीसाठी घरून आले, विद्यापीठाच्या पत्राची प्रत जोडली. त्याचं काम झालं, पण त्या मुलाचा त्या संध्याकाळचा चेहरा मी विसरलेलो नाही. ती तयारी आम्ही आधीच करून ठेवायला हवी होती.

म्हणून असं करा. 'अमुक नावाचं महाविद्यालय आणि तमुक नावाचं महाविद्यालय एकच आहे' असं पत्र, विद्यापीठाच्या मान्यतेचा क्रमांक आणि तारीख घालून, मराठी, हिंदी आणि इंग्रजीत तयार ठेवा. मागेल त्याला त्याच दिवशी, विनाशुल्क द्या. तेच पत्र संकेतस्थळावर पहिल्या पानावर ठेवा. जुनी प्रमाणपत्रं परत मागवून नव्या नावानं देऊ नका. ज्या दिवशी जे नाव होतं तेच त्या कागदावर खरं असतं. दुय्यम प्रत देताना नवं नाव आणि खाली 'पूर्वीचे नाव' अशी ओळ घाला. शेवटच्या वर्षाच्या मुलांना आधीच सांगा की त्यांच्या गुणपत्रिकेवर दोन वर्षं एक नाव आणि तिसऱ्या वर्षी दुसरं येईल.

आठवी पायरी : चिन्ह, पाटी, शिक्के

याबद्दल बाजारात सल्ले भरपूर आहेत, म्हणून थोडंच. बोधवाक्याला हात लावू नका. बोधचिन्हातली मूळ खूण, मग ती समई असो, क्रूस असो, धर्मचक्र असो, राहू द्या. रेषा सुटसुटीत करा. चित्रकाराला देवनागरी येते का, ते त्याच्याकडून 'ज्ञ', 'श्र', 'द्ध' काढून घेऊन बघा. आमच्या पहिल्या नमुन्यात जोडाक्षर तुटलं होतं आणि ते छापखान्यातल्या खिळे जुळवलेल्या म्हाताऱ्या माणसाला दिसलं, आम्हाला कुणालाच नाही. चिन्ह काळ्या-पांढऱ्यात, बोटाच्या पेराएवढं छापून बघा, कारण शिक्क्यावर ते तेवढंच दिसणार आहे.

शिक्के आणि पावतीपुस्तकं यांत मात्र कसूर नको. ठरलेल्या तारखेला जुनी पावतीपुस्तकं शेवटच्या क्रमांकावर रेघ मारून, सही करून बंद करा. उरलेली रद्द करून कपाटात ठेवा. जुने शिक्के गोळा करून त्यांची यादी करा. एक शिक्का कुठेतरी टेबलाच्या खणात राहिला की तीन वर्षांनी त्याचा ठसा कुठल्यातरी दाखल्यावर उमटतो. जुने लिफाफे, वह्या संपेपर्यंत वापरा, त्यावर 'पूर्वीचे नाव' असा छोटा शिक्का मारा. दान केलेल्या पैशातून घेतलेला कागद रद्दीत घालू नये.

पाटी बदलताना जुनी पाटी उतरवायची वेळ आणि माणसं ठरवून ठेवा. आमच्याकडे कंत्राटदाराची मुलं ती कटरनं कापायला निघाली होती. गुरुजींनी हात वर केला. मग चार विद्यार्थ्यांनी ती पंचावर झेलून खाली घेतली आणि ग्रंथालयाच्या दारात उभी केली. ती आजही तिथे आहे, खाली दोन्ही तारखा लिहिलेल्या.

नववी पायरी : तो दिवस आणि पुढची तीन वर्षं

समारंभ लहान ठेवा. तुमच्या परंपरेत जो नित्याचा दिवस मोठा असेल तो घ्या, गुरुपौर्णिमा, स्थापनादिन, सणाची प्रार्थना. राजकीय पाहुण्यापेक्षा सगळ्यात जुन्या हयात विद्यार्थ्याच्या हातून पाटी उघडा. आमच्या दिवशी गुरुजींनी संकल्प सांगितला तो असा : संस्थेचं नाव, मग 'पूर्वनाम्ना' म्हणून जुनं, मग नवं. हे शब्द त्यांनी स्वतः बसवले होते आणि आदल्या रात्री मला फोन करून वाचून दाखवले होते.

पुढची तीन वर्षं पत्राच्या कागदावर नावाखाली बारीक अक्षरात जुनं नाव ठेवा. जुनं संकेतस्थळ आणि ईमेल चालू ठेवून नव्याकडे वळवा, त्याचं वार्षिक शुल्क भरायला विसरू नका. ते सुटलं तर दुसराच कुणीतरी विकत घेऊन तुमच्या नावानं प्रवेश देऊ लागेल. नकाशावरचं नाव बदला, पण जुनं नाव शोधलं तरी जागा सापडेल असं ठेवा. फोन उचलणाऱ्यानं पहिलं वर्षभर दोन्ही नावं सांगावीत.

आणि बँकेत स्वतः जाऊन शाखाधिकाऱ्यांना भेटा. जुन्या नावानं काढलेले धनादेश खात्यात जमा होत राहतील याची लेखी सोय करून घ्या, सोबत ठराव आणि विद्यापीठाचं पत्र द्या. सातारा जिल्ह्यातले एक आजोबा वडिलांच्या श्राद्धतिथीला दरवर्षी पाचशे एक रुपयांचा धनादेश पाठवतात. पहिल्या वर्षी तो जुन्या नावाचा म्हणून परत गेला. त्यांनी पोस्टकार्ड लिहून विचारलं, पाठशाळा बंद झाली का? मी एस.टी.नं त्यांच्या गावी गेलो, नवी-जुनी दोन्ही नावं लिहिलेलं पत्र त्यांच्या हातात दिलं आणि धनादेश बरोबर घेऊन आलो. पुढच्या वर्षी त्यांनी पुन्हा जुनंच नाव लिहिलं होतं. तो जमा झाला.